येथे सल्ला मिळत नाही

आमच्या कापड दुकानाच्या वरच्या खोलीत ते तीन वर्षं बसले आणि त्या तीन वर्षांत त्यांनी कुणालाही एकसुद्धा सल्ला दिला नाही. गल्ली मात्र त्यांना 'सल्लावाले' म्हणायची.

पाटी त्यांनी चौसाळ्याकडच्या कुठल्याशा पेंटरकडून रंगवून आणली होती. पांढऱ्यावर निळी अक्षरं. 'एकात्मिक समुपदेशन केंद्र. प्रौढांसाठी आधार-उपचार.' आणि खाली, जिथं बाकीचे लोक वेळ आणि फोन नंबर लिहितात तिथं, 'येथे सल्ला मिळत नाही.' पाटी चढवत असताना समोरचा चहावाला बाबूभाई किटली हातात धरून बराच वेळ वर बघत उभा होता.

"दुकान उघडायचं आन् पाटीवर लिव्हायचं, माल भेटत न्हाई म्हणून," तो मला म्हणाला. "असला धंदा पयल्यांदा बघितला बे."

बीडमध्ये सल्ला मिळत नाही अशी जागा शोधूनही सापडायची नाही. कोर्टासमोर मिळतो, क्लासेसच्या जिन्यात मिळतो, रिक्षात बसलं की उतरेपर्यंत मिळतो. अशा गावात एखादा माणूस सल्ला न देण्यासाठी खोली घेतो, म्हणजे त्याच्या पोटात काहीतरी वेगळं असणार, हे मी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं. पुढं फक्त पुरावा गोळा करायचा राहिला होता. जिना आमच्या शटरला लागूनच असल्यामुळं त्या कामाला माझ्याइतका सोयीचा माणूस दुसरा नव्हता. दुकानात गादीवर अण्णा बसायचे, म्हणजे माझे थोरले भाऊ. मी कापड मोजायचो आणि गिऱ्हाईक नसलं की वाचायचो. वाचायचो म्हणजे पुस्तक उघडं ठेवून जिन्याकडं बघायचो.

सल्लावाले मेंढपाळाच्या घरचे. वडील आयुष्यभर मेंढरांमागं चालले, यांनी पुण्यात राहून मानसशास्त्राचं शिक्षण घेतलं, तिथं काही वर्षं नोकरी केली आणि मग सगळं सोडून परत आले. कावून आले, म्हणजे का म्हणून आले, हा गल्लीचा पहिला प्रश्न. पुण्याला गेलेला माणूस परत येतो तो एक तर आजारी असतो, नाही तर त्यानं काहीतरी केलेलं असतं. मी त्यांचं प्रमाणपत्र बघायला मागितलं. त्यांनी ते भिंतीवर लावलं नव्हतं, टेबलाच्या खणात रुमालाखाली ठेवलं होतं. मी शिक्का बघितला, सही बघितली, उजेडात धरून कागद बघितला. प्रमाणपत्र खरं निघालं. माझी थोडी निराशाच झाली.

"एकात्मिक म्हणजे काय हो?" मी विचारलं.

"मेंढरं राखताना एकच गोष्ट धरून चालत न्हाई," ते म्हणाले. "एखादीला शीळ लागती. एखादीला काठी नुसती दाखवावी लागती. एखादीच्या मागं गुमान चालावं लागतं. जे ज्याला लागू पडल ते."

उत्तर मला पाठ केल्यासारखं वाटलं. नंतर कळलं, पाठच होतं. बाबूभाईला आणि घरमालक वकिलांना त्यांनी हेच उत्तर शब्दाचाही फरक न करता दिलं होतं.

खोलीत देवाचा फोटो नाही, गुरूचा फोटो नाही, उदबत्ती नाही. डॉक्टरांसारखं टेबलापलीकडं बसणंही नाही. दोन लाकडी खुर्च्या, त्याही समोरासमोर नाहीत, तर शेजारी शेजारी, दोन्हींची तोंडं खिडकीकडं. आलेल्या माणसाच्या खुर्चीवर काळी घोंगडी. मी याचंही कारण विचारलं. ते म्हणाले, रानात दोन माणसं बसली की दोघंही मेंढरांकडं बघत बसतात. तोंडाकडं बघत कुणी खरं बोलत नाही. खिडकीतून मेंढरं दिसत नव्हती. बाबूभाईचा गाडा आणि नगरपरिषदेची पाण्याची टाकी दिसत होती. पण लोक तासतासभर तिकडं बघत बोलायचे, हे खरं.

हे मला कसं माहीत? कारण एकदा मी स्वतःच गिऱ्हाईक होऊन वर गेलो. त्यांना पारखायला. एका मित्राची अडचण आहे, असं सांगून बसलो आणि ते काय बोलतात याची वाट बघू लागलो. ते काहीच बोलले नाहीत. टाकीकडं बघत बसले. थोड्या वेळानं ती शांतता मलाच लागायला लागली, म्हणून मी मित्राबद्दल दोन वाक्यं सांगितली. ते म्हणाले, "बरं, पुढं?" खाली आलो तेव्हा लक्षात आलं की अर्धा तास मीच बोललो होतो, आणि त्यातला मित्राबद्दलचा भाग फार थोडा होता. त्यानंतर आठ दिवस मी त्यांच्याशी तुटकच वागलो.

सल्ला देत नसले तरी ते गृहपाठ द्यायचे. आमच्या ओळखीचे एक निवृत्त मुख्याध्यापक त्यांच्याकडं गेले, ते बायकोची चूक आहे असं लेखी मिळावं म्हणून. त्यांना सल्लावाल्यांनी सांगितलं की एसटी स्टँडवर जाऊन एक तास बाकावर बसायचं आणि त्या तासात कुणाचीही चूक दुरुस्त करायची नाही. मुख्याध्यापक वीस मिनिटांत परत आले. तिकडं त्यांचं चौकशी खिडकीतल्या माणसाशी भांडण झालं होतं, कारण त्यानं परळी गाडीच्या ऐवजी अंबाजोगाई गाडीचा फलाट सांगितला होता. हे सगळं मुख्याध्यापकांनीच आमच्या दुकानात येऊन रागारागानं सांगितलं, आणि बोलता बोलता माझी मोजपट्टी सरळ करून ठेवली.

"मग परत जाणार का त्यांच्याकडं?" मी विचारलं.

"जावं लागल," ते म्हणाले. "चाळीस मिनिटं राहिलीत."

पण सल्लावाल्यांची खरी ख्याती झाली ती नमस्कारामुळं. आलेल्या माणसाला रस्त्यात आपण होऊन ओळख द्यायची नाही, असा त्यांचा नेम होता. माणूस आपल्याकडं येतो हे चारचौघांना कळू नये म्हणून. त्यानं ओळख दिली तर द्यायची, नाही तर झाडाकडं बघत पुढं जायचं. पुण्यात हा नेम उत्तम चालत असेल. तिथं तसंही कुणी कुणाला ओळख देत नाही. आमच्याकडं सकाळी दुकान उघडल्यापासून राम राम, शरणार्थ, सलाम सुरू होतात. त्यात एखाद्यानं एखाद्याला टाळलं की तो गल्लीसाठी बातमीचा विषय. महिन्याभरात बाबूभाईनं शोध लावला, की सल्लावाले ज्याला राम राम करत नाहीत तो वर जाणारा. झालं. लपवायची जी युक्ती होती, तीच जाहिरात ठरली. "आज कृषी खात्याच्या साहेबाला राम राम न्हाई केला," बाबूभाई चहा ओतत सांगायचा आणि कपातला चहा थंड होईपर्यंत लोक कृषी खात्याच्या संसारावर बोलत राहायचे.

लोकांनीही मग उपाय काढला. सल्लावाले लांबून दिसले की सगळे आपण होऊनच मोठ्यानं ओरडायचे, "राम राम सर!" आपण त्यातले नाही हे शेजारच्याला ऐकू जावं म्हणून. येणारेही ओरडायचे आणि न येणारेही. ते प्रत्येकाला हात जोडत जायचे. त्या वर्षी आमच्या रस्त्यावर पोलीस निरीक्षकालाही इतके नमस्कार मिळत नव्हते.

त्या गदारोळात एकच माणूस असा होता, जो सल्लावाल्यांना राम राम करत नव्हता आणि सल्लावालेही त्याला करत नव्हते. एक आला की दुसरा पाण्याच्या टाकीकडं बघायला लागायचा. तो माणूस म्हणजे आमचे अण्णा.

हे माझ्या उशिरा लक्षात आलं. अण्णा आणि वर? अण्णांची ओळख इथं नीट द्यायला हवी. आम्ही लिंगायत वाणी. इष्टलिंग लहानपणी गळ्यात पडतं ते शेवटपर्यंत राहतं. सकाळी अंघोळ झाली की ते तळहातावर घेऊन पूजा करायची, आणि पूजा झाल्याशिवाय तोंडात घास घालायचा नाही. मी या बाबतीत ढिला. अण्णा मात्र वजन-मापाच्या काट्यासारखे. समाजाच्या मंडळाचे ते अध्यक्ष होते आणि लग्नाच्या पंगतीतसुद्धा एखाद्याच्या शर्टाच्या आतून लिंगाचा दोरा दिसतो का, हे बघायचे. असा माणूस कुणाच्या शेजारी बसून खिडकीबाहेर बघत मन मोकळं करतोय, हे चित्रच माझ्या डोळ्यांपुढं येईना. मग उरलं काय? सल्लावाले त्यांच्याकडून काहीतरी काढून घेत असणार. काय, ते मला ठरवता येत नव्हतं, पण संशयाला तपशील लागत नाहीत.

त्यात अण्णा खंगत चालले होते. आठ महिने झाले असतील, जेवण उतरत उतरत पाव भाकरीवर आलं होतं. ताट पुढं आलं की घास हातात घ्यायचे आणि बघत राहायचे. "पोटात जागा न्हाई," म्हणायचे. वहिनींनी तीन डॉक्टर केले. तिन्ही डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि काही नाही म्हणून सांगितलं. एका दुपारी गिऱ्हाईकासाठी साडी उलगडता उलगडता अण्णा गादीवर आडवे झाले ते उठवूनही उठेनात. आम्ही त्यांना दवाखान्यात नेलं, सलाईन लागलं. छातीचा फोटो काढायचा म्हणून नर्सनं गळ्यातला दोरा काढला आणि लिंगाची चांदीची डबी वहिनींच्या हातात दिली.

वहिनींनी ती कपाळाला लावली आणि त्यांचा हात तिथंच थांबला.

"भाऊजी," त्या मला म्हणाल्या, "ही आपली न्हाई."

"काय न्हाई?"

"डबी. आपली जुनी होती, कडंला दबलेली. ही नवीन हाय. आन् वाजती."

त्यांनी डबी हलवली. आत काहीतरी खडखडलं. लिंग कापडात गुंडाळलेलं असतं, ते असं वाजत नाही. दुसऱ्याचं लिंग उघडायचं नसतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. वहिनींनी डोळे मिटले आणि डबी उघडली. आत सुपारी होती.

एक साधी, अख्खी, खायची सुपारी.

वहिनींनी डबी लांब धरली. "करणी केली," त्या म्हणाल्या. "वरच्यानं करणी केली. लिंग काढून घेतलं आन् सुपारी घातली."

मी आयुष्यभर करणी-भानामतीच्या नावानं नाक मुरडलेला माणूस. त्या वेळीही मी वहिनींना म्हणालो, असं काही नसतं. पण तेवढ्या वेळात माझ्या डोक्यात माझी स्वतःची करणी तयार झाली होती, फक्त तिला शिकलेले कपडे होते. मनाला भूल घालून माणसाकडून हवं ते काढून घेणारे लोक असतात, असं मी कुठंतरी वाचलं होतं. वहिनी आणि मी वेगवेगळ्या रस्त्यांनी निघून एकाच खोलीच्या दारात पोचलो.

मंडळाचे दोघं जण घेऊन मी जिना चढलो. सल्लावाले एकटेच होते, डबा खात होते. मी डबी त्यांच्या टेबलावर ठेवली आणि उघडली. त्यांनी सुपारीकडं बघितलं आणि जेवण बाजूला सारलं.

"अण्णा तुमच्याकडं येत होते?" मी विचारलं.

"कोण येतं, कोण येत न्हाई, ते मी सांगत नसतो."

"ही डबी तुमी आधी बघितली हाय का?"

"त्यावर मी बोलणार न्हाई."

"लिंग कुठाय?" मंडळाच्या माणसानं दरडावून विचारलं.

"न्हाई बोलणार."

चोर तरी 'मी घेतलं नाही' असं म्हणतो. हा माणूस तेही म्हणत नव्हता. आम्ही आवाज चढवला. खाली बाबूभाईच्या गाड्याजवळ गर्दी झाली. सल्लावाले उठून उभे राहिले. त्यांनी जेवणाच्या डब्याचं झाकण लावलं, हे मला स्पष्ट आठवतं, कारण मी तेही पुरावा म्हणून धरलं.

"एकच सांगतो," ते म्हणाले. "ही डबी होती तशी बंद करा आन् ते जागे व्हायच्या आत त्यांच्या गळ्यात घाला. कुणी उघडली हे त्यांना कळू देऊ नका. घाई करा."

याहून स्वच्छ कबुली आम्हाला नको होती. सुपारी परत गळ्यात बांधा म्हणतो! मंडळाच्या एकानं पाटीवरच्या 'उपचार' या शब्दाकडं बोट दाखवून अर्वाच्य काहीतरी म्हटलं. घरमालक वकील होते. त्यांनी भानगड नको म्हणून तीन दिवसांत खोली रिकामी करायला सांगितली. पाटी त्याच संध्याकाळी उतरली. ज्यांनी वर्षभर "राम राम सर" म्हणून गल्ली दणाणून सोडली होती, ते आता म्हणत होते की आम्ही याला पहिल्यापासून ओळखून होतो. माझं तर त्यात सगळ्यात खरं होतं.

इकडं अण्णा जागे झाले. त्यांचा हात आधी गळ्याकडं गेला. गळा मोकळा. मग त्यांनी वहिनींकडं बघितलं, आणि वहिनींचं तोंड असं की त्यावर सगळं लिहिलेलं.

"उघडली?" त्यांनी विचारलं.

वहिनींनी होकारार्थी मान हलवली. अण्णांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. पाव भाकरी होती तीही गेली. पाणी गेलं. आम्ही सांगितलं, घाबरू नका, त्याला खोलीतून काढलाय, पोलिसांत देऊ, लिंग काढून घेऊ त्याच्याकडून. हे ऐकून त्यांनी डोळे घट्ट मिटले. डॉक्टर म्हणाले, रिपोर्ट चांगले आहेत, पण माणूसच सोडून द्यायला बसला तर सलाईन किती दिवस पुरणार? दोन दिवस असेच गेले.

आणि त्या दोन्ही दिवशी सकाळी नऊ वाजता सल्लावाले दवाखान्यात येऊन वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसत होते. कुणाशी बोलत नव्हते, आत डोकावत नव्हते. समोरच्या भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्याकडं बघत बसायचे आणि संध्याकाळी उठून जायचे. तिसऱ्या दिवशी माझा तोल गेला. खरं तर त्या दिवशी त्यांना सामान हलवायचं होतं.

"इथं कावून बसलाय तुमी? अजून काय राहिलंय न्यायचं?"

"कुणी बोलावलं तर जवळ असावं म्हणून," ते म्हणाले.

"कोण बोलावणार तुमाला?"

त्याचं उत्तर दिलं अण्णांनी, आतून. त्या 'उघडली?' नंतर आम्ही त्यांचा आवाज पहिल्यांदाच ऐकला. "त्यांना आत येऊ द्या."

अण्णांनी आम्हा सगळ्यांना बाहेर काढलं. मी दार पूर्ण लागू दिलं नाही. पायानं अडवून धरलं. सल्लावाल्यांनी स्टूल खाटेच्या बाजूला ओढलं आणि अण्णा ज्या भिंतीकडं बघत होते तिकडंच तोंड करून बसले. मी कान लावून होतो. आता तरी काहीतरी मंत्र, काहीतरी धमकी, निदान दोघांच्यातला काहीतरी करार ऐकायला मिळेल.  मग सल्लावाल्यांचा आवाज.

"आता कसं करू या?"

 मी पाय बदलला. मग अण्णा म्हणाले, "तिला बोलवा. तुमी बसा पण."

वहिनी आत गेल्या. मीही त्यांच्यामागून आत शिरलो, मला कुणी अडवलं नाही. अण्णा भिंतीकडंच बघत होते.

"गोदेत गेलं," ते म्हणाले. "गेवराईकडं त्या ओळखीच्या व्यापाऱ्याच्या दहाव्याला गेलतो ना. पाण्यात उतरलो तर वाळू उपसलेला खड्डा होता. पाय गेला. वर आलो तर गळ्यात दोरा न्हाई, डबी न्हाई. तासभर हात घालत बसलो. मग गेवराईतल्या सराफाकडून डबी घेतली. रिकामी हलकी लागायची, म्हणून सुपारी."

वहिनी खाटेजवळ सरकल्या.

"आठ महिने?" त्या म्हणाल्या. "आठ महिने मी तुमच्या पूजेला फुलं काढून दिली. सुपारीला?"

"हां."

"मग तवाच मठात महाराजांकडं कावून न्हाई गेले? दुसरं देतात की दीक्षा देऊन."

"सगळ्यांना देतात," अण्णा म्हणाले. "मला कोणत्या तोंडानं मागायचं?"

ते तोंड कोणतं, हे मला तेव्हा आठवलं. काही वर्षांपूर्वी आमच्यातल्या एका हार्डवेअरवाल्याच्या मुलाचं लिंग प्रवासात हरवलं होतं. नुकतंच लग्न झालेला तरणाताठा मुलगा. तो बिचारा आपण होऊन मठात सांगायला आला, तर अण्णांनी त्याला अख्ख्या समाजासमोर बायकोदेखत उभं केलं आणि विचारलं, लिंग गेलं तर तू अजून जिता कसा? मुलाला दुसरं लिंग मिळालं, पण तो पुढं कधी मठात आला नाही. अण्णांनी आता तोच प्रश्न स्वतःला विचारला होता आणि आठ महिने पाव पाव भाकरीनं त्याचं उत्तर देत होते. पूजा नाही तर घास नाही. नेम त्यांचाच होता.

वहिनींनी डोळे पुसले आणि रागानं म्हणाल्या, "मरायला निघाले होते, आन् ते पण मला न सांगता!" मग त्या सल्लावाल्यांकडं वळल्या. "तुमाला ठावं होतं?"

सल्लावाले भिंतीकडं बघत राहिले.

"त्यांना पयल्या दिवसापासून ठावं होतं," अण्णा म्हणाले. "ते एकच इचारायचे, घरी कधी सांगू या म्हणून. मी म्हणायचो, पुढच्या येळी."

पुढचं लवकर झालं. आठवड्याभरात अण्णा काठी टेकत त्या हार्डवेअरच्या दुकानात स्वतः गेले. तिथं काय बोलणं झालं ते मला माहीत नाही; मी बाहेर रिक्षात होतो आणि या वेळी पाय दारात घातला नाही. सोमवारी मठात अण्णांनी सगळ्यांसमोर उभं राहून सांगितलं, दीक्षा घेतली आणि अध्यक्षपद सोडलं. हार्डवेअरवाल्याचा मुलगा मागच्या रांगेत बसलेला होता.

पण खोली गेली ती गेलीच. वकीलसाहेबांनी ती एका क्लासवाल्याला देऊन टाकली होती. सल्लावाले त्या दवाखान्याच्या दिवशीच, उशिरा का होईना, टेम्पोत दोन खुर्च्या आणि घोंगडी टाकून गेवराईला निघून गेले होते. गल्लीनं त्यांची माफी मागितली नाही. बाबूभाई म्हणाला, "माणूस बरा होता, पण बोलला असता तर काय जीभ झडली असती का?" मलाही अगदी तेच वाटत होतं.

मी गेवराईला गेलो तो दोन महिन्यांनी. माफी मागायला निघालो होतो, पण एसटीतून उतरेपर्यंत त्या माफीत चौकशीही मिसळली होती. हायवेला लागून बियाण्यांच्या दुकानावर त्यांनी खोली घेतली होती. त्यांनी मला बसायला सांगितलं. मी उभ्यानंच माफी मागून घेतली. त्यांनी मान हलवली. मग मी खुर्चीत बसलो.

"एक सांगा सर," मी म्हणालो. "त्या दिवशी आमी डबी घेऊन आलो, तेव्हा तुमी एवढंच म्हणायचं होतं की अण्णांना विचारा. तुमची खोली वाचली असती. अण्णा तुमाला नेमकं काय बोलले होते?"

"कोण अण्णा?" ते म्हणाले.

मी हसलो. ते हसले नाहीत.

"आता काय राहिलंय लपवायला? मठात सगळ्यांसमोर त्यांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलं. बीडमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे."

"त्यांनी सांगितलं असल तर ते त्यांचं," सल्लावाले म्हणाले. "मी कुणाला ओळखत न्हाई."

मला राग आला. हा माणूस साधा आहे असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. गप्प बसण्याचाही एक तोरा असतो. काहींचा तो भाषणात दिसतो, यांचा न बोलण्यात होता, आणि त्या तोऱ्यापायी माझा भाऊ आणि ते स्वतः, दोघंही बुडायचे राहिले होते. मी हे सगळं त्यांना ऐकवलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि "पुढं?" असं म्हणाले नाहीत, तेवढी दया केली.

मी जायला उठलो. खिडकीखालून वाळूचे ट्रक एकामागून एक चालले होते. सल्लावाले माझ्या शेजारी येऊन उभे राहिले आणि तेही ट्रककडं बघायला लागले.

"आमच्या घरी एक जण आहे," मी ट्रककडं बघत म्हणालो. "आता दोन्ही वेळा जेवतो. दोन दोन भाकरी."

 एक ट्रक गेला, मग दुसरा.

"ज्वारीची का बाजरीची?" त्यांनी विचारलं.

"ज्वारीची."

"बरं," ते म्हणाले.